खिडकीशेजारचा शेअर

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी सुलभा भाजी घेऊन येते. मेथी निवडून घेणाऱ्या बायकांना ती दटावते, मला मात्र 'बाई' म्हणते, कारण मी शिक्षिका होते हे तिला वॉचमनने सांगितलंय. दोन वर्षं तिचं एकच टुमणं: "बाई, एकदा या की आमच्या कंपनीत." आता चाकणच्या बाजूच्या करंजदऱ्याची बाई 'कंपनी' म्हणाली की आपल्या डोळ्यांपुढे काय येणार? उंच भिंत, लोखंडी गेट आणि तिथला शिट्टीवाला. म्हणून गेल्या शनिवारी मी बंद बूट घातले, पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला, पर्समध्ये आधार कार्ड टाकलं आणि निघाले. चिंचवडच्या कॉलेजात पंचवीस वर्षं वाणिज्य शाखेला शिकवलेल्या बाईचा हा शहाणपणा!

भोसरीपर्यंत एक बस, तिथून चाकणची दुसरी. मोशी ओलांडली आणि कंटेनरच्या मागे कंटेनर अशी जी रांग लागली, ती हलेचना. शेजारी रात्रपाळी करून परतणारा एक गृहस्थ होता, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. माझ्या बुटांकडे बघत त्याने विचारलं, "मावशी, कोणत्या कंपनीला चाललाव?"

"करंजदऱ्याच्या."

"नवीन निघाली का काय? आन् या वयात गेट पास देतेत?"

"न द्यायला काय झालं? धडधाकट आहे मी!" मी तणतणले. तो बिचारा हसला आणि पुढच्या मिनिटाला माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला. चाकण येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. रात्रभर उभा राहिला असणार.

तळेगाव चौकात सुलभाने सांगितलेल्या खुणेची पांढरी मिनीबस उभी होती. अंगावर निळ्या अक्षरांत 'करंजदरा गावकऱ्यांची कंपनी'. चालकाच्या जागेवर साडीवर खाकी शर्ट घातलेली, सदतीस-अडतीसची एक बाई. ही मंदा. सुलभाने तिला फोन करून ठेवला होता. "या बाई, बसा कुठंबी," ती म्हणाली. बाजाराचा दिवस, गाडी पिशव्यांनी आणि बायकांनी भरत आलेली, तरी पहिल्या रांगेतली खिडकी रिकामी! मी आपली ऐटीत बसले.

पाच मिनिटांत एक आजी पाटी घेऊन चढल्या आणि माझ्यासमोर उभ्या ठाकल्या. "ओ बाई, उठा. त्यो माझा शेअर हाय."

"तुमचं रिझर्व्हेशन आहे का?"

"रिझर्वेशन न्हाई, शेअर! कागुद हाय घरी, देवापाशी ठेवलाय."

गाडीभर खसखस पिकली. मी निमूट मागे सरकले, तेव्हा मंदाने उलगडा केला. कंपनी काढली तेव्हा गावातल्या प्रत्येकाला एकेक शेअर घ्यायला सांगितलं. आता या भागात शेअर म्हणजे काय? शेअर रिक्षा! आपल्या वाट्याची सीट. गयाबाईंनी कागद घेतला, गाडी आली त्या दिवशी सर्वांत आधी चढून खिडकी निवडली आणि तेव्हापासून ती जागा त्यांची. "तीनदा समजावलं, बाई. त्या म्हणत्यात, मग कागुद कशाचा दिला? आता त्या नसल्या तरी तिथं कुणी बसत न्हाई." मी वर्गात दरसाल 'भाग म्हणजे काय' हे फळ्यावर लिहून दिलं. अशी व्याख्या एकाही पोराने लिहिली नाही, लिहिली असती तर मी लाल शाईने खोडली असती.

रस्ता कारखान्यांच्या भिंतींमधून निघाला, मग भिंती संपल्या आणि एकदम कांद्याचे हिरवे वाफे लागले. पुढे डोंगराची सोंड, तिच्या पायथ्याशी करंजाची झाडं. हवेतला डिझेलचा वास जाऊन ओल्या मातीचा वास आला. मी मान बाहेर काढून तो छातीभर घेतला, तोच फट्कन आवाज झाला. पंक्चर.

सगळे खाली उतरले आणि सगळेच गाडीचे मालक! एक म्हणतो जॅक डावीकडे लाव, दुसरी म्हणते दगड लाव आधी, गयाबाई म्हणतात चाक गरम झालंय, पाणी ओता. मंदा पदर खोचून एकटी नट फिरवत होती. "बाई, हितं मालक शंभर अन् गडी एक," ती दात ओठ खात म्हणाली आणि मग स्वतःच हसायला लागली. मी नट हातात धरून उभी राहिले, तेवढाच माझा हातभार.

चाक बसलं. ती हात पुसत असताना मी चालकाच्या सीटखाली डोकावले, तर कव्हर घातलेली पुस्तकं. बारावी वाणिज्य! ओळखीची पुस्तकं दिसल्यावर मी गप्प बसते होय? खोदून विचारलं. तिने सांगितलं ते असं. ती दहावीला पहिल्या वर्गात पास झाली. पण पुढचं कॉलेज चाकणला आणि गावात एस.टी. यायची दुपारी. वडील म्हणाले, बास झालं. "माझं शिक्षण एस.टी.नं खाल्लं, बाई." आता तिच्याच गाडीतून गावच्या सतरा मुली रोज अकरावी-बारावीला जातात. त्यांचं कॉलेज सुटेपर्यंत ही गाडीत बसून अभ्यास करते. सतरा नंबरचा फॉर्म (कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा) भरलाय. परीक्षा फेब्रुवारीत.

"अन् आज सभा हाय," ती म्हणाली. कारखान्यांच्या शिफ्टच्या गाड्या चालवणाऱ्या एका ठेकेदाराला ही बस वर्षभरासाठी हवी होती, पहाटेपासून रात्रीपर्यंत. सभेने होकार दिला की सोमवारपासून मुलींची फेरी बंद आणि मंदाच्या जागी त्याचा माणूस. "म्हंजे पुस्तकंबी बंद. घरी कोण वाचू देतंय?" तिने गिअर टाकला.

सुलभाच्या घरी जेवायला मासवडी होती (नावात मासा, पोटात तीळ-खोबरं), झणझणीत रस्सा आणि चुलीवरची बाजरीची भाकरी. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवले. माझे बूट ओसरीवर बघून सुलभा म्हणाली, "अवो बाई, कंपनी म्हंजे आमीच की! कांदाचाळ, पाण्याचं फिल्टर, गाडी अन् आमी." इर्जिकीसारखी (एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, त्याने जेवू घालायचं) त्यांनी ही कंपनी उभी केली होती. कांदाचाळसुद्धा (कांदा साठवायची हवेशीर, जाळीची शेड) गावानेच उभारलेली.

सभा देवळाच्या सभामंडपात. आमच्या सोसायटीच्या सभेला कोरमसाठी मी लिफ्टमध्ये माणसं पकडते, इथे बसायला जागा नव्हती. अध्यक्ष रामराव, गावातले जुने बागायतदार, शांत माणूस. त्यांनी सरळ मांडलं: गाडी भाड्याने दिली तर त्या पैशातून दुसरी कांदाचाळ याच हंगामात होईल, नाहीतर पुन्हा निम्मा कांदा उघड्यावर सडेल. खोटं नव्हतं ते. मला राग यायला हवा होता, पण येईना. चाकणात नोकरी करणारा हेमंत उठला, "राव, भावनेवर कंपनी चालत नसती." पुष्कळ माना डोलल्या. मंदा खांबाला टेकून उभी होती. 'तुझ्याच नोकरीचा विषय हाय, तू बोलू नको,' असं तिला आधीच बजावलेलं. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण पाहुणीने काय बोलावं?

तेवढ्यात गयाबाई उठल्या. "माझा शेअर त्या ठेकेदाराला देताय, मग मी कुठं बसू?"

हशा पिकला. रामराव समजुतीने म्हणाले, "आजी, शेअर म्हंजे सीट न्हवं. सगळीच गाडी थोडी थोडी तुमची हाय."

"सगळी?"

"सगळी. आजवर ती खिडकी आमी तुमच्या मानापायी सोडली. पोरी उभ्यानं जात्यात, पर तिथं कुणी बसत न्हाई."

गयाबाईंचा चेहरा पडला. दोन क्षण त्या तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. मग असा आवाज चढला की घंटेजवळची पोरं गप्प झाली. "पोरी उभ्या? अन् माझी जागा रिकामी? मेल्यांनो, मला सांगायला तोंड न्हवतं का तुमाला? माझी लाज काढलीत सगळ्यांनी! अन् आता म्हंता सगळी गाडी माझी, मग ती कुणाला द्यायची, हे माझ्या मनानं व्हायला नको? मी न्हाई देत जा!"

"आजी, मग कांदा?"

"उघड्यावरच्या कांद्यावर मी पाला घालीन. सारा जल्म घातलाय. पोरींवर काय घालू?"

कुणी हसलं नाही. रामरावांनी हात वर करायला सांगितले. एका माणसाला एक मत, शंभर पोती कांदा पिकवणारा असो की गयाबाई. बायकांचे हात आधी वर गेले, मग थोडा वेळ गेला आणि पुरुषांचे एकेक. हेमंत चप्पल घालून निघून गेला. गाडी गावातच राहिली. रामरावांनी वहीत ठराव लिहिला, टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आता पावसाच्या आत कांदा झाकायला सगळ्यांनी यायचं. नुसतं हात वर करून भागायचं न्हाई." मला तो माणूस फार आवडला.

दिवस मावळताना मंदा मला चाकणला सोडायला निघाली. गाडीत आम्ही दोघीच. मी तिच्या मागच्या सीटवर बसून कौतुकाचा वर्षाव करत होते आणि मनात स्वतःची खरडपट्टी काढत होते. आयुष्यभर कंपनी हा विषय शिकवला, पण आपली म्हणावी अशी कंपनी आज पहिल्यांदा पाहिली. आमच्या सोसायटीत प्रत्येकाची पार्किंगची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली आहे, तरी आम्ही भांडतो. मंदा ऐकत गाडी चालवत होती. आरशात पाहिलं तर डोळे भरलेले. मीही मग रडून घेतलं, कोण बघतंय!

चौकात उतरताना माझ्यातली मास्तरीण जागी झालीच. "मंदा, कुठला विषय अडतो?"

"हिशेबाचा, बाई. कळतच न्हाई."

"पुढच्या शनिवारी मी येते. चौकात गाडी लाव आणि मी चढले की पुस्तक काढ. सबबी चालायच्या नाहीत!"

तिने इंजिन बंद केलं. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले, पण ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

"वीस वर्षांत 'भाकरी टाक' म्हणाले, 'गाडी काढ' म्हणाले," ती म्हणाली. "'पुस्तक काढ' कुणी म्हणलं न्हवतं, बाई."