राखेच्या बुधवाराची झावळी

"काढा लवकर झावळ्या! उद्या राखेचा बुधवार हाये, लोकायच्या कपाळाले काय कोळसा लावू?"

शेजारचे काका स्टील प्लांटच्या भट्टीवरून रिटायर झालेले. ते ओरडले की चरोद्याच्या रेल्वे यार्डातल्या मालगाड्या ब्रेक मारायच्या. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली झावळी घरोघरी वर्षभर जपायची, मग काकांनी सगळ्या जाळून राख इतकी चाळायची, की फुंकर मारली तर दुर्ग शहरात धुकं पडावं.

यंदा निम्म्या घरांनी झावळ्या नाताळच्या साफसफाईत फेकलेल्या. राख पुरेना. काका आत गेले आणि काकूंच्या फोटोमागची झावळी घेऊन आले. काकूंनी शेवटच्या वर्षी आणलेली ती. तिच्यावरची धूळसुद्धा ते कोणाला पुसू देत नसत.

बुधवारी सगळ्यांच्या कपाळांना राख पुरली. मी हळूच विचारलं, "काका, ती कावून जाळली तुमी?"

"वाळली होती," काका म्हणाले.