मेणातला तांदळाएवढा तुकडा

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. बावीस वर्षं ती एकच काम करत होती: रुग्णाच्या अवयवाचा मेणात बसवलेला तुकडा पात्यावर अगदी पातळ कापायचा आणि काचेवर उचलायचा. नवरा चिडवायचा, "हिनं काकडी चिरली की आरपार पेपर वाचता येतो."

त्या सोमवारी मात्र तिचा जीव टांगणीला लागला.

नमुना एका बसकंडक्टर मुलीच्या मूत्रपिंडाचा होता. वय चोवीस. पाय सुजलेले, लघवीतून प्रथिनं वाहून चाललेली, मूत्रपिंड दिवसागणिक खालावत होतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या बारीक गाळण्यांवर थर दिसत होते. शरीराचीच प्रतिपिंडं तिथं साचली असणार. पण दुसरा तुकडा गोठवून त्यावर प्रतिपिंडं हिरवी चमकवणारी तपासणी केली, तर काच काळीकुट्ट.

"गोठवताना नमुना बिघडला असेल," प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "नवा तुकडा काढायला पुन्हा सुई घालावी लागेल."

"तिचं बीपी एवढं चढलंय, रक्त थांबलं नाही तर? आणि मॅडम, नमुना बिघडलेला नाही. मी स्वतः गोठवलाय."

"मग दिसत का नाही?"

"प्रतिपिंडं झाकली गेली असतील तर? मेणातला तुकडा शिल्लक आहे. एन्झाइम लावून झाकलेलं मोकळं करू आणि तीच तपासणी पुन्हा करू."

डॉक्टरबाई घुटमळल्या. "किती उरलाय?"

"तांदळाच्या कणीएवढा."

त्यातून दोनच काप निघाले. एन्झाइम कमी पडलं तर काही उघडत नाही, जास्त झालं तर कापच विरघळतो. पहिला काप धुताना वाहून गेला. दुसऱ्याला तिनं वेळ कमी केला आणि घड्याळावरची नजर हलू दिली नाही.

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काच इकडेतिकडे सरकवत त्या बघत राहिल्या.

"मॅडम?"

"ताई, तुम्हीच बघा."

गाळण्यांच्या कडा हिरव्यागार पेटल्या होत्या.

"प्रतिपिंडं लपून बसली होती की हो," डॉक्टरबाई पुटपुटल्या. "असला आजार मी फक्त वाचला होता."

अहवाल लगेच गेला, उपचार बदलले. मूत्रपिंड पहिल्यासारखं झालं नाही, पण घसरण थांबली, डायलिसिस टळलं. चार महिन्यांनी मुलगी कामावर रुजू झाल्याचं डॉक्टरबाईंनी सांगितलं. ताईनं तिला कधी पाहिलंही नव्हतं. तिनं नुसती मान हलवली. घरी जाऊन नवऱ्याला मात्र तीनतीनदा ऐकवलं.