फेसाची वाट बघणारे भाऊजी

दुबईत मी जेवढी माणसं पाहिली, त्या सगळ्यांना कशाची ना कशाची घाई होती. घाई नसलेला एकच माणूस मला भेटला आणि तो आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहत होता. आमच्या ह्यांचे ते मित्र, मूळचे मिरजेचे, अल क्वोजच्या एका गोदामात स्टोअरकीपर. करामा भागातल्या घराचं भाडं आम्हाला एकट्यांना झेपेना, म्हणून ती खोली त्यांना दिली होती. मी त्यांना भाऊजी म्हणायची. परक्या पुरुषाशी दाराआडून बोलायची माझी सवय त्यांच्यामुळेच मोडली, कारण येताजाता ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून अगदी हळू आवाजात विचारायचे, "वहिनी, तो छोटा चमचा मिळेल का?" चमचा साखरेसाठी असायचा, साखर बाटल्यांसाठी आणि बाटल्या बिअरसाठी.

दुकानातून बिअर घ्यायची तर परवाना लागायचा आणि परवाना मिळण्याइतका भाऊजींचा पगार नव्हता. म्हणून ते ती घरीच आणि गुपचूप करायचे. सुपरमार्केटातून बिनदारूच्या बिअरचे डबे आणायचे, पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्यांत ओतायचे आणि वर साखर आणि पावाचं यीस्ट घालायचे. "कंपनीनं एवढ्या कष्टानं बाहेर काढलेलं हा परत आत घालतोय," असं हे हसून म्हणायचे. बाटलीच्या तोंडाला भाऊजी वाढदिवसाचा फुगा बांधायचे, सुईनं एक भोक पाडून. आतल्या हवेनं फुगा ताठ उभा राहिला की त्यांचा चेहरा उजळायचा. काही दिवसांनी फुग्यानं मान टाकली की म्हणायचे, "यीस्टचे जीव साखर जेवून झोपलेत आता. बोलू नका मोठ्यानं." आणि मी खरंच हळू बोलायची. माझ्या आवाजानं बिअरला काय होणार होतं कोण जाणे.

पण त्यांचा जीव अडकला होता तो फेसात. शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मित्र जमायचे, एक घोट घ्यायचे आणि एकमेकांकडे बघायचे. "अरे, चव बरी आहे, पण ही ताकावरची निवळी झाली," असं कुणीतरी म्हणायचं. भाऊजी ग्लास उजेडाकडे धरून बुडबुडे शोधायचे. स्वतः ते अर्धा ग्लाससुद्धा संपवत नसत. फेस आणायला गॅसचं नळकांडं मिळतं म्हणे, पण त्याची किंमत त्यांनी दिरहॅममध्ये ऐकली, मनात रुपये केले आणि "खलास," म्हणाले. त्यापेक्षा बाटलीत चमचाभर साखर घालून झाकण घट्ट लावायचं आणि वाट बघायची, हे त्यांना परवडणारं होतं. वाट बघायला तिथे पैसे पडत नव्हते.

पहिल्यांदा त्यांनी सॉसच्या, सरबताच्या अशा काचेच्या बाटल्या भरल्या. उन्हाळ्यातल्या एका दुपारी त्यातली एक धाडकन फुटली. इमारतीचा राखणदार, आम्ही त्याला नातूर म्हणायचो, धावत वर आला. भाऊजी दारात उभे, शर्टावर पिवळे शिंतोडे. "कुकर फट गया, भाईजान," ते म्हणाले. त्यानं हवेचा वास घेतला. "कुकर में क्या पका रहे थे?" "कढी," मी आतून म्हणाले. आयुष्यात परक्या माणसाशी बोललेलं माझं ते पहिलं खोटं. तो मान हलवत गेला. भाऊजींनी त्याच दिवशी काच सोडली आणि कोलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या जमवायला लागले.

मग त्या बाटल्यांचे लाड सुरू झाले. चमचा सुरीनं सपाट करून एकेका बाटलीत साखर आणि तिच्यासोबत एक मनुका. मनुका तळाशी पडून राहायचा आणि बुडबुडे अंगाला चिकटायला लागले की हळूहळू वर यायचा. तो वर आला म्हणजे फेस धरला. बाहेर अंगाची लाही होत असायची, म्हणून खिडकीतल्या एसीसमोरचा पलंग त्यांनी बाटल्यांना दिला आणि स्वतः खाली चटईवर झोपू लागले. बाटल्यांना ओला पंचा गुंडाळायचे. कामावरून आल्यावर हातपाय धुतले की आंबा चाचपतात तशी एकेक बाटली अंगठ्यानं दाबून बघायचे. शुक्रवारी दुपारी पडद्यातून ऊन आत आलं की बाटल्या मधासारख्या दिसायच्या. मी चहा ठेवायला जायची आणि उभीच राहायची. "बघा वहिनी," ते म्हणायचे, "कुणी ढकलत नाही, कुणी बोलवत नाही. बुडबुडे आपले आपण वर जातात."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मुलगी शाळेत जात होती, पण त्या कधी दुबईला आल्या नव्हत्या. भाऊजी सुट्टीवर घरी जायचे तेव्हा गप्प गप्प असायचे, म्हणून त्यांना वाटायचं, ह्या माणसाला आपली गरज नाही. फोनवर त्या म्हणाल्या, "एक महिना येते. तिथं माझं मन लागलं तर मुलीला घेऊन कायमची येईन. नाही लागलं तर पुन्हा बोलवायचं नाही." भाऊजींनी हे मला सांगितलं आणि चमचा न मागताच परत गेले.

त्या आल्या. खोलीत पाऊल टाकून त्यांनी पलंगाकडे बघितलं. चादर ओढून रांगेनं झोपलेल्या बाटल्या, बाजूला जमिनीवर चटई.

"आणि मी कुठं झोपायचं?" त्यांनी विचारलं.

"तुझ्यासाठी काढतो ना दोन-चार," भाऊजी म्हणाले.

बाटल्यांमध्ये काय आहे ते मात्र त्यांनी नीट सांगितलंच नाही. माल्टचं आहे, तब्येतीला बरं असतं, एवढंच बोलले. चार दिवस त्या नवऱ्याला बघत होत्या. हा माणूस साखरेचा चमचासुद्धा सुरीनं कापून घेतो, जमिनीवर झोपतो, शर्टाची कॉलर उलटून शिवून घालतो. एकदा माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "ताई, आम्हाला पैसे पाठवायचे म्हणून हे इथं फिकं सरबत पीत होते हो." मला खरं सांगायला हवं होतं, पण लाजेनं तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी भाऊजी गोदामात गेल्यावर त्यांनी साखरेचा डबा घेतला आणि प्रत्येक बाटलीत मूठ मूठ साखर घालून झाकणं घट्ट लावली. उसाच्या मुलखातल्या, मिरजेकडच्या हाताची मूठ ती.

शुक्रवारी सकाळी भाऊजींनी पहिली बाटली दाबली. दगड. दुसरीही दगड. बुडं फुगून बाटल्या पलंगावर डुलायला लागल्या होत्या. ते एकेक बाटली न्हाणीघरात नेऊन झाकण सोडायला लागले. अशी फूस मी पुन्हा ऐकली नाही. फेस भिंतीवर गेला, छताला लागला, त्यांच्या केसांवरून गळायला लागला. इतक्या महिन्यांत न आलेला फेस सगळा एकदम आला होता आणि मोरीत चालला होता.

त्या दारात उभ्या होत्या. "मी साखर घातली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"चुकलं का?"

भाऊजींनी तोंडावरचा फेस पुसला. "थोडी जास्त झाली."

"मग ओरडा की. तिकडे येता तेव्हाही गप्प, इथंही गप्प."

"सवय मोडलीय गं," ते म्हणाले. "दिवसभर खोक्यांशी, घरी आल्यावर ह्या बाटल्यांशी. बोलायचं कुणाशी?"

त्या पदर खोचून आत गेल्या आणि त्यांनी उरलेल्या बाटल्या धरून दिल्या. दोघं भिजून बाहेर आली, तेव्हा त्यांच्या कपाळाचं कुंकू ओघळलं होतं. हात पुसून त्यांनी माझ्याकडे फोनचं कार्ड मागितलं आणि भावाला म्हणाल्या, "दादा, पोरीचा शाळेचा दाखला काढून ठेव."

पुढच्या वर्षी तिघं शारजाला मोठ्या घरात राहायला गेली. भाऊजींनी मग कधी बिअर केली नाही, आणि आमच्या मागच्या खोलीत एक टायपिस्ट मुलगा आला. भला होता, पण त्याच्या खोलीत चहा ठेवायला गेल्यावर थांबावंसं काही नसायचं.

त्या शुक्रवारी दुपारी मात्र मी भांडी घासत होते आणि मागच्या खोलीतून भाऊजींचं बोलणं ऐकू येत होतं. एकसारखं, न थांबता. मध्येच त्या काहीतरी विचारायच्या, मग पुन्हा त्यांचाच आवाज. मी नळ बंद केला. नवराबायकोचं बोलणं ऐकू नये, एवढं मलाही कळतं. पण शब्द कळतच नव्हते, म्हणून साबणाचे हात तसेच ठेवून मी ऐकत उभी राहिले.