कानामागचं टेंगूळ

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शिरूरमध्ये आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्या मुलीच्या उजव्या कानामागे टेंगूळ सापडलं. मुलगी बारा वर्षांची. ते सापडलं तेव्हा तिच्या एका हातात दप्तर होतं आणि दुसऱ्या हातात अर्धी पोळी.

वेळ नेमकी सांगता येते, कारण ती रोजचीच होती. पावणेआठला रांजणगावची कंपनीची बस यायची. त्याआधी सात दहाला ते मुलीला उंबऱ्यावर उभी करायचे. तिथं उजेड चांगला. मोबाईलची बॅटरी लावून म्हणायचे, "आ कर." जीभ, घसा, डोळ्यांच्या खालच्या पापण्या, नखं, मान, कानामागे. चार मिनिटं लागायची. मग वहीत सहा खुणा आणि खाली सही.

"पप्पा, जीभ कालचीच हाय," मुलगी म्हणायची.

"कालची काल बघितली. आजची आज."

तुम्ही त्यांना पाहिलं असेल. पुणे-नगर रस्त्यावर सकाळी कंपन्यांच्या बसची वाट पाहत जी माणसं उभी असतात, त्यांत एक उंच, किंचित वाकलेले, निळ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं. कंपनीत त्यांचं काम तयार झालेले सुटे भाग तपासण्याचं. भाग हातात घ्यायचा, मापायचा, बरोबर असेल तर सही करून पुढं सोडायचा, नसेल तर लाल खूण करून बाजूला ठेवायचा. अकरा वर्षं हेच. घरी आल्यावर हात मोकळे राहत नसत, एवढंच.

त्यांचं एक वाक्य आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. "बघा बरं, हे कालपर्यंत न्हवतं." हे वाक्य तिळाबद्दल, शिंकेबद्दल, गुडघ्याच्या कट्कन् आवाजाबद्दल आणि एकदा दाढेबद्दल बोललं गेलं होतं. दाढ खरोखरच कालपर्यंत नव्हती. ती नवी आली होती.

मी बातमीदार असल्यामुळे जगातले सगळे रोग माझ्या कार्यालयात येऊन नोंद करतात, असा त्यांचा समज होता. एका रविवारी मुलीला उचकी लागली. ते घड्याळ लावून बसले आणि विसाव्या मिनिटाला माझ्या दारात आले.

"पत्रकार, उचकीचं काही आलंय का तुमच्याकडं?"

"काही आलेलं नाही."

"आसपासच्या तालुक्यात?"

"तिथूनही नाही."

"आलं तर आधी मला सांगा. छापायच्या आधी." ते घरी पोचले तेव्हा उचकी थांबली होती. त्यांनी थांबल्याची वेळ लिहून घेतली.

निळ्या बोटांची हकिगत बाजारपेठेतल्या मुलांच्या डॉक्टरबाई अजून सांगतात. मुलगी शाळेच्या खो-खोच्या संघात होती. एका संध्याकाळी ती मैदानावरून आली तेव्हा तिची दहाही बोटं निळी पडलेली. बोटं निळी म्हणजे रक्तात प्राणवायू कमी, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी तिला पाण्याचा घोटही घेऊ न देता गाडीवर बसवलं. डॉक्टरबाईंनी बोटं पाहिली, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि एक बोट पुसलं. बोळा निळा झाला, बोट गोरं. संघाला नव्या ट्रॅक पँट मिळाल्या होत्या आणि घामाच्या हातांना त्यांचा रंग लागला होता.

"पेशंट बरा झाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पँटला मात्र ॲडमिट करावं लागेल."

ते हसले नाहीत. उरलेली नऊ बोटं एकेक करून स्वतः पुसली, मग हसले.

यावर त्यांच्या पत्नी बोलायच्या. त्या निमोण्याच्या, सात भावंडांत वाढलेल्या. "आमच्या घरी कोण आजारी हाय ते जेवायला बसल्यावर कळायचं. ताट शिल्लक राहिलं की समजायचं." त्या नवऱ्याला साहेब म्हणत. "अहो साहेब, माल तपासून झाला असंल तर सोडा तिला, शाळेची घंटा झाली."

रोजची तपासणी का, हे मी शेजाऱ्यांना एकदाच विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं. मुलगी सातव्या महिन्यात झाली. वजन दीड किलो. पुण्याच्या दवाखान्यात बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "रोज नीट बघत राहा. काही वेगळं दिसलं तर लगेच घेऊन या."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बघतोय."

"किती दिवस बघायचं सांगितलं होतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "ते न्हाई सांगितलं."

कंपनीत त्यांच्या विभागात भिंतीवर एक फळा आहे. त्यावर तपासणीची सूचना लागते. नवी सूचना सहीशिक्क्यानिशी लागेपर्यंत जुनी चालू राहते. ती किती जुनी आहे, हे कोणी विचारत नाही.

आता टेंगळाकडे येऊ.

त्या सोमवारी मुलीनं शाळेतून एक कागद आणला. दौंडला मुलींच्या खो-खोचं दहा दिवसांचं निवासी शिबिर होतं आणि शाळेतून दोघींची निवड झाली होती. कागदावर पालकांची सही हवी होती. सहीच्या वरच्या ओळीत छापलं होतं : माझ्या पाल्याची प्रकृती उत्तम असून तिला शिबिरास पाठविण्यास माझी हरकत नाही. शनिवारी कागद द्यायचा होता.

त्यांनी कागद वाचला, घडी घालून वहीत ठेवला.

"पप्पा, सही."

"टेंगूळ आधी."

त्यांच्याकडे एक व्हर्निअर होतं. दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घेण्याची पोलादी पट्टी असते, ती. कंपनीची नव्हे, स्वतःच्या पैशांनी घेतलेली. कंपनीची पट्टी ते फाटकाबाहेर काढणाऱ्यांतले नव्हते. सोमवारी टेंगूळ अकरा मिलिमीटर भरलं. मंगळवारी बारा. बुधवारी तेरा.

"वाढतंय," ते म्हणाले. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. अकरा वर्षांत अशी रजा त्यांनी किती वेळा घेतली, हे मला माहीत नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, पहिल्यांदाच.

डॉक्टरबाई बाहेरगावी होत्या, गुरुवारी संध्याकाळी येणार होत्या. दुसऱ्या डॉक्टरकडं जायला ते तयार नव्हते. फाईल बाईंना माहीत होती. मधल्या दिवसांत मुलीनं खेळायला जायचं नाही, असं ठरलं. ती ओट्यावर बसून राहायची. मैदान तिथून दिसत नाही, पण शिट्टी ऐकू येते. शिट्टी वाजली की तिचा उजवा पाय पुढं यायचा.

"न्हाई दिला कागद तर माझ्या जागी दुसरी जाईल," ती एकदाच म्हणाली. मग तेही बोलेनाशी झाली.

बुधवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू आलं. आमची भिंत पातळ आहे.

"दिवसभर सह्या मारता तिथं. हिच्या एका कागदावर हात अडतोय व्हय?"

"सही म्हंजी सही. तपासल्याबिगर न्हाई."

"पोरगी तीन दिवस हसली न्हाई. ते लिवलं का वहीत?"

मग ते म्हणाले, "तिथं पार्ट चुकला तर दुसरा बनतो."

पलीकडं ताटं मांडल्याचा आवाज आला.

गुरुवारी ते मला बरोबर घेऊन गेले. "डॉक्टर काय बोलतात ते तुम्ही लिहून घ्या. माझं तवा डोकं चालत न्हाई." म्हणून पुढचं सगळं माझ्या वहीत आहे.

दवाखाना भरलेला होता. निमोण्याच्या एक आत्याबाई नातवाला मांडीवर घेऊन तपासणीच्या खोलीच्या दाराशीच बसल्या होत्या. पांढऱ्या टोपीतले एक आबा भिंतीला टेकले होते. आमचा नंबर लागला. आम्ही आत गेलो. दार पूर्ण लागत नसे.

डॉक्टरबाईंनी मुलीच्या कानामागे दोन बोटं फिरवली. मग वही मागितली. पानं उलटली.

"सगळी मापं उजवीकडची?"

"व्हय. टेंगूळ उजवीकडं हाय."

"डावीकडचं कुठंय?"

"डावीकडं कशाला बघायचं? तक्रार उजवीकडची हाय."

बाईंनी वही मिटली. "तुमच्या कंपनीत एकच बाजू मोजून माल बाद करतात?"

त्यांनी खिशातून व्हर्निअर काढलं. मुलीनं न सांगता मान वळवली. डाव्या कानामागे माप घेतलं, पट्टी उजेडाकडे धरली आणि दोनदा वाचली.

"तेरा," ते म्हणाले.

"आता तुमचं."

"माझं?"

बाईंनी पट्टी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांच्या कानामागे लावली. "एकोणीस. तुम्ही तर हिच्यापेक्षा सीरियस आहात." मग सावकाश सांगितलं. ते हाड आहे. कवटीचाच भाग. प्रत्येकाला दोन्ही बाजूंना असतं. हिच्या अंगात मांस कमी म्हणून हाताला लागतं.

"पण अकराचं तेरा झालं, त्याचं काय?"

"रोज वेगळ्या जागी धरलंत आणि रोज जास्त दाबलंत. हाड तिथंच आहे. तुमचा हात हलला."

"म्हंजी ऑपरेटर एरर," ते हळू आवाजात म्हणाले. इतक्या आनंदानं स्वतःची चूक कबूल करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. "आगं बया! मला बी हाय!"

आत्याबाईंचा हात स्वतःच्या कानामागे होता. त्यांनी लगेच नातवाचं डोकं चाचपलं. "ह्याला बी हाय की!"

"थांबा, मला बघू द्या," म्हणत आबांनी टोपी काढली. "हायती. दोन्ही हायती." सत्तर वर्षांत त्यांना ती पहिल्यांदाच भेटत होती. बाकावरचे सगळे आपापली डोकी चाचपू लागले. नंबर लावणाऱ्या बाईंनी रजिस्टर बाजूला ठेवून केस वर केले. एका तान्ह्या बाळाच्या आईनं आधी बाळाचं पाहिलं, मग बाळाच्या बापाचं. मी पेन दुसऱ्या हातात घेतलं आणि माझंही पाहिलं. आहे. दोन्ही बाजूंना.

सर्वांत मोठ्यानं मुलगी हसत होती. तीन दिवसांचं एकदम.

हसू ओसरल्यावर तीच म्हणाली, "मॅडम, पप्पांना आता बघायचं बंद करायला सांगा ना. पुण्याच्या सिस्टरनी चालू करायला सांगितलं होतं. बंद करायला कुणी सांगितलंच न्हाई."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. बाईंनी लेटरपॅड पुढं ओढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "रोजची तपासणी आजपासून बंद. महिन्यातून एकदा बघावे."

"एकदम महिना? आठवड्याला एक सॅम्पल ठेवू."

"पंधरा दिवस. शेवटचं."

"आन् खेळून दमून आली तर?"

"खेळून दमून आली तर जेवायला वाढा."

त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि परत पुढं केला. "मॅडम, शिक्का राहिला."

बाईंनी शिक्का मारला.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम ओट्यावर होतो. सात दहाला मुलगी सवयीनं उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. ते मोबाईल घेऊन आले. शर्टाच्या खिशातून शिक्क्याचा कागद काढला, वाचला, परत ठेवला.

"जा," ते म्हणाले.

ती दोन पावलं गेली, वळली आणि तिनं जीभ बाहेर काढली. दाखवायला नव्हे, वेडावून दाखवायला. मग ती पळाली. त्या जिभेची नोंद वहीत झाली नाही. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "अहो साहेब, बस येईल." ते तिथंच उभे होते. बस त्या दिवशी त्यांच्यासाठी दोन वेळा हॉर्न वाजवून थांबली.

शिबिरातून मुलगी दीड किलो वजन वाढवून आणि गुडघे फोडून आली. तिला तिथल्याच शाळेत घेतो, असं शिबिराच्या प्रशिक्षकबाईंनी कळवलं. मे महिन्यात तिच्या वडिलांना दौंडजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तपासणीचंच काम मिळालं आणि घर दौंडला हललं. टेम्पो भरताना त्यांनी मला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि निरखून पाहिलं. "पत्रकार, डावा डोळा लाल दिसतोय. बघा बरं, हे कालपर्यंत न्हवतं."

शेजारच्या घरात आता रांजणगावला काम करणारे चार तरुण राहतात. सात दहाला त्यांच्यातलं कोणी उठलेलं नसतं.

गेल्या महिन्यात मी खो-खोच्या सामन्यांच्या बातमीसाठी दौंडला गेलो होतो. मुलगी मैदानावर होती. सामना तिच्या संघानं जिंकला. ते कामावर होते, भेट झाली नाही. प्रशिक्षकबाईंना मी शिरूरचा, हिचा जुना शेजारी, म्हटल्यावर त्या हसल्या आणि शिबिराच्या जुन्या फायलीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

माझ्या पाल्याची प्रकृती उत्तम असून, या छापील ओळीपुढे निळ्या पेनानं लिहिलं होतं : तपासले. ठीक आहे. त्याखाली, बारीक अक्षरात : कानामागे हाड आहे. दोन्ही बाजूंना. त्याखाली सही. सहीखाली शुक्रवारची तारीख आणि वेळ, सकाळी सात वाजून दहा मिनिटे.