हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात तात्या साळवे बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं लिहून देतात. भिवंडीतल्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला द्यावाच लागतो. काउंटरवरच्या मुलीला ते दरवर्षी तेच विचारतात, "नीट बघून घ्या. आहे ना मी?" यंदाही विचारलं, आणि ती हसली. त्यानंतरच्या रविवारी त्यांना कळलं, की त्यांचा नातू त्यांना मेलेल्यांत धरतो.

तात्या धामणकर नाक्यामागे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. खाली कापडाच्या लूम चालतात. शुक्रवारी त्या बंद असल्या की तात्यांना झोप लागत नाही. भिंतीवर बायकोचा, नीलाबाईंचा फोटो, त्याला चंदनाचा हार. त्या गेल्या तेव्हा मुलगा, अनय, एकटाच आला होता, दहा दिवसांसाठी. चौघांची तिकिटं परवडणारी नव्हती.

अनय आणि त्याची बायको यामिनी सहा वर्षांपासून आफ्रिकेतल्या मलावीत मिशनच्या दवाखान्यात आहेत. तो रक्त तपासतो, रविवारी चर्चमध्ये उपदेश करतो. ती नर्स आहे. साळव्यांचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. देवाच्या कामाला तात्यांची हरकत नव्हतीच. पण दीड वर्षाच्या गंधारला घेऊन निघायचं, जिथं ताप वाढला तर मोठं इस्पितळ तीस मैलांवर, हे त्यांना पटलं नाही. "इथल्या मानकोलीच्या गोदामांत काय माणसं आजारी पडत नाहीत?" ते म्हणाले होते. आणि टॅक्सी खाली उभी असताना, दारातच, "गेलात तर मी मेलो असं समजा."

नंतर फोन सुरू झाले. तिकडेच तनया जन्मली. त्या वाक्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. अनय दरवर्षी म्हणे, "तात्या, तुम्ही या ना." तात्या म्हणत, "पासपोर्ट कुठाय माझ्याकडे?" म्हणणारे कोण, तर रोज संध्याकाळी महादूच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून आखाती देशांत निघालेल्या पोरांचे पासपोर्टचे फॉर्म तपासणारे. आईच्या नावातलं एक अक्षर चुकलं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

त्या रविवारी चारला फोन आला. तिकडे दुपार होती, अनय अजून चर्चमध्ये. गंधार फोन हातात धरून घर दाखवत होता. नवी मच्छरदाणी, पाणी उकळायचं मोठं पातेलं, नुकतीच मलेरियातून उठलेली तनया. मग भिंत आली. भिंतीवर आजीचा फोटो आणि शेजारी तात्यांचा, निवृत्तीच्या दिवशी काढलेला. दोन्ही फोटोंना बोगनवेलीच्या फुलांचे हार होते.

"थांब," तात्या म्हणाले. "मागे घे. भिंतीकडे."

"छान झालाय ना? मीच केला, आत्ताच. सुई आईची."

"माझ्या फोटोला कशाला रे?"

"तुझ्या घरी आजीला आहे ना, तसा. मेलेल्या माणसांना घालतात."

लूमच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं असं त्यांना वाटलं. त्यांनी उठून खिडकी लावली. "कोण मेलं?"

"तू."

"अरे, मी बोलतोय ना तुझ्याशी!"

"फोनमध्ये," गंधार म्हणाला. "फोनमध्ये आजीपण बोलते. आईकडे व्हिडिओ आहे. ती लाडू करते आणि म्हणते, खा रे बाळा."

तात्यांनी भिंतीवरच्या नीलाबाईंकडे पाहिलं.

"शेजारच्या चिसोमोचा आजोबा जिवंत आहे," गंधार समजावून सांगू लागला. "तो घरी येतो. मला सायकलवर बसवतो. मेलेले येत नाहीत."

आवाज ऐकून यामिनी आली. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही सांगितलंत त्याला?" तात्यांचा आवाज चिरका झाला. "मी तेव्हा दारात बोललो, ते?"

"नाही हो तात्या! ते आम्ही कधीच... अनयसुद्धा कधी..." तिनं हार काढायला हात वर केला, तसा गंधार किंचाळला.

"काढू नको! तो कधीच आला नाही! सहा वर्षं!"

तिचा हात तिथंच राहिला. छोटी तनया भेदरून आईला बिलगली.

"राहू दे, यामिनी," तात्या म्हणाले. "गंधार, तूच काढ ना रे. माझ्यासाठी."

"तू ये," तो म्हणाला. "मग काढतो."

फोन बंद झाल्यावर तात्यांचा हात गळ्यावर गेला. डाव्या बाजूला त्यांना एक मोठा तीळ आहे. नीलाबाई त्यावरून चिडवायच्या, गर्दीत हरवलात तरी सापडाल. फोटोत तो स्पष्ट दिसतो. आज दिसला नव्हता, त्याच्यावर फुलं होती.

ते चपला घालून खाली उतरले. नाक्यावर ट्रक अडकले होते, रिक्षावाले ओरडत होते, "कल्याण, कल्याण, एक सीट!" एकानं त्यांना हातानं बाजूला केलं, "चाचा, देख के!" त्या धक्क्यानं त्यांना बरं वाटलं.

"काय तात्या, आज लवकर?" महादूनं विचारलं. "कोनाचा फॉरम हाय?"

"आहे एकाचा. बाळाराम साळवे."

"दुबई का सौदी?"

"मलावी."

"ते कुठं आलं? बरं, वय?"

"अडुसष्ट."

महादू टाइप करता करता हसला. "या वयात म्हातारा कशाला चाललाय एवढ्या लांब?"

"नातू म्हणतो, मेलेले येत नाहीत."

महादूची बोटं थांबली. दहा वर्षांच्या ओळखीत तात्यांचं खरं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. स्क्रीनकडे पाहत त्यानं हळूच पुढचा रकाना वाचला, "ओळखीची खूण?"

तात्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि काउंटरवरून वाकून मान पुढे केली.

"नीट बघून घे. आहे ना?"

महादूनं चष्मा वर सरकवला, तिळाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"हाय," तो म्हणाला.