धडधाकट बाईचं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत रक्तातल्या आरएनएवरून टीबी ओळखायच्या चाचणीवर काम चालतं. शरीर जंतूंशी झुंजायला लागलं की काही जनुकं जादा कामाला लागतात आणि त्यांचा आरएनए रक्तात वाढतो, कधीकधी तर खोकल्याच्याही आधी. रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहायला एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त लागतं. तो मान कायम माझा. आजारपणाची रजा म्हणून कधी घेतली नाही, हे मी चहाच्या वेळी न विचारता सगळ्यांना ऐकवायचे.

आणि एक दिवस माझाच नमुना रुग्णांच्या रांगेत जाऊन बसला. मी म्हटलं, किट बिघडलंय. नवं किट आलं, पुन्हा तेच. मग एसीवर खापर फोडलं, मग मशीनवर, आणि शेवटी माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईंवर. लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून सगळ्यांसमोर ताडताड बोलले. त्या बिचाऱ्या दर वेळी माझं रक्त नव्याने काढायच्या. तीन आठवडे हा तमाशा चालला. खोकला होता हो मला, पण आमच्या इथे, कोलार रोडवर राहून कोणाला नसतो? जिकडे तिकडे खोदकाम आणि धूळ.

शेवटी त्या बाईच धीर करून त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "दीदी, मशीन ठीक है. आप एक बार एक्स-रे करा लीजिए."

मला असा राग आला की निव्वळ त्यांना खोटं पाडायला मी एक्स-रे काढला. फुप्फुसावर डाग निघाला. थुंकीत जंतूही सापडले.

घरी मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली. दीड महिन्याच्या नातीला रोज सकाळी पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं काम माझं. टाळू भरताना मी तिच्या तोंडाशी वाकून काहीबाही गुणगुणायचे, मध्येच खोकायचे.

डॉक्टरांनी नातीला तपासलं. अजून तरी काही दिसत नाही म्हणाले, पण खबरदारीचं औषध सुरू करायला सांगितलं. मुलीने पहिला डोस पाजला. बाळाने तोंड वाकडं करून भोकाड पसरलं. मी मास्क लावून दाराबाहेर उभी होते.

"आई, तुला कधी कळलं गं?" मुलीने विचारलं.

मशीनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"कालच," मी म्हणाले.

"बरं झालं, वेळेवर कळलं," ती म्हणाली आणि बाळाचं तोंड पुसायला लागली.