गोरिलासाठी उचललेली भिशी

ही वही कधी माझ्या लेकीच्या हाती लागली तर तिने आधी मला माफ करावं. ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही आणि अक्षर तर विस्कटलेल्या काटक्यांसारखं आहे. चौथीपर्यंतच शिकले. पण हे स्वतःच्या हाताने लिहायचं आहे.

इथे मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये, मी दोन घरी पोळ्या करते. एका घरी टीव्हीवर डोंगरातले गोरिला दाखवत होते. मादी होती, पिल्लू मांडीवर. एक जाड देठ हातात धरून ती वरची साल ओढत होती, आपण अळूचे देठ सोलतो तशी. बघता बघता तव्यावरची पोळी करपली. हिला बघायला जायचं, असं मी तिथेच ठरवलं.

लेकीने मोबाईलवर शोधलं. तिचं मराठी अडखळत चालतं. "आई, युगांडामध्ये आहेत. डोंगर चढायचा, फोर-फाइव्ह अवर्स. परमिट लागतं. आपल्याला सर्दी असेल तर आत नाही सोडत, त्यांना पण होते."

"आणि न्यायचं काय? केळी?"

"काहीच नाही. फूड अलाउड नाही."

कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं म्हणजे मला चोरट्यासारखं वाटतं. पण नियम तो नियम.

नवरा एसी दुरुस्तीची कामं करतो. तो म्हणाला, "चार माणसांत बोलायचं तर तुला घाम फुटतो. आफ्रिकेत काय करशील?"

"गोरिलाशी कुठे बोलायचंय?"

विमानापुरते पैसे मी साठवले होते, परमिटाचे नव्हते. पुढच्या वर्षीच्या सुट्टीतलं परमिट आताच घ्यायला हवं होतं, जागा भरत चालल्या होत्या.

आम्ही राहतो त्या मत्रहला आमची दहा बायकांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीने तीस रियाल द्यायचे, जिची चिठ्ठी निघेल तिने सगळे न्यायचे. नवी भिशी सुरू झाली आणि पहिलीच चिठ्ठी समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींची निघाली. मी नेहमी दाराशी बसून चहाचे कप गोळा करते. त्या दिवशी उभी राहिले.

"वहिनी, ही मला द्याल? माझी निघेल ती तुम्ही घ्या."

"कशाला गं? बांगड्या करतेस?"

"गोरिला बघायला जायचंय."

भिशी सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, "घरी एक आहे की. तो फुकट दिसतो."

सगळ्या हसल्या. माझे कान तापले, पण मी बसले नाही.

"उभीच राहणार का?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही हो म्हणेपर्यंत."

त्यांनी नोटांचा गठ्ठा माझ्यापुढे धरला. "घे. पण हप्ता चुकवू नकोस."

"चुकणार नाही. सगळं फिटल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

परमिट आलं. दर शुक्रवारी उजाडायच्या आत मी मत्रहमागचा डोंगर चढू लागले, पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन. पहिल्याच दिवशी दगडांनी चपलेचा तळ सुटला आणि अनवाणी उतरले. मग बूट घेतले. उन्हाळ्यात एका घरची माणसं दोन महिने भारतात गेली, तेव्हा एकट्याने राहणाऱ्या पुरुषांच्या डब्यांच्या पोळ्या घेतल्या. हात भरून यायचे, पण हप्ता वेळेवर जायचा. माझ्या नावाची चिठ्ठी काही निघेना. वहिनी महिनोन् महिने थांबल्या, एकदाही बोलून दाखवलं नाही.

माझी चिठ्ठी निघाली थेट दहाव्या महिन्यात, शेवटची. माझं विमान पुढच्या आठवड्यात होतं आणि नेमक्या काकू शिंकत होत्या. मी ओढणी नाकावर घट्ट धरून दारातूनच हात लांब करून तीस रियाल पुढे केले.

"मी काय वाघीण आहे?" काकू म्हणाल्या.

"काकू, सर्दी झाली तर मला आत सोडणार नाहीत."

त्यांनी नोटा मोजल्या, बाकीच्यांत मिसळल्या आणि सगळा गठ्ठा वहिनींच्या हातात दिला. मग भिशीच्या वहीत माझ्या नावावर रेघ मारली.

"खलास," त्या म्हणाल्या. "तुझं सगळं फिटलं."